विश्लेषण : शेवटचे जहाजही विकून टाकणारे अमेरिकी नौदल जगभर कसे पोहोचले?

लाल समुद्र असो, होर्मुझ असो की तैवान. तणाव वाढला की 'अमेरिकेची विमानवाहू नौका रवाना' ही बातमी ठरलेली. पण याच देशाने स्वातंत्र्ययुद्ध जिंकल्यावर आपले शेवटचे लढाऊ जहाज विकून टाकले होते.

सुरुवात कशी झाली?

१३ ऑक्टोबर १७७५ रोजी फिलाडेल्फियात कॉन्टिनेन्टल काँग्रेसने ब्रिटिशांची रसद अडवण्यासाठी दोन जहाजे सज्ज करण्याचे ठरवले. अमेरिकी नौदल हाच स्थापना दिन मानते. युद्ध संपले तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. १७८५ मध्ये 'अलायन्स' ही उरलेली एकमेव फ्रिगेटही विकली गेली.

त्याची किंमत व्यापाऱ्यांनी मोजली. ब्रिटिश ध्वजाचे संरक्षण गेल्याने अमेरिकी जहाजे उत्तर आफ्रिकेतील चाच्यांच्या तावडीत सापडू लागली. १७९३ मध्ये अल्जियर्सच्या चाच्यांनी अवघ्या काही आठवड्यांत ११ जहाजे पकडली, शंभरहून अधिक खलाशी कैदेत पडले. तेव्हा कुठे १७९४ मध्ये सहा फ्रिगेट बांधण्याचा कायदा झाला. त्यातही मेख होतीच : अल्जियर्सशी तह झाला, तर बांधकाम थांबवायचे! खंडणी देऊन तह झाला आणि तूर्त तीनच जहाजे पूर्ण करण्याची परवानगी मिळाली. त्यापैकी १७९७ मध्ये पाण्यात उतरलेले 'कॉन्स्टिट्यूशन' बॉस्टनमध्ये आजही नौदलाच्या सेवेत आहे.

आज ताकद कशात आहे?

अमेरिकेकडे ११ विमानवाहू नौका आहेत. जहाजांच्या संख्येत मात्र चीन पुढे गेला आहे. अमेरिकेची खरी मदार आहे ती दुसऱ्यांच्या बंदरांवर. सातव्या ताफ्याचा तळ जपानमधील योकोसुकात, पाचव्याचा बहरीनमध्ये, तर सहाव्याचे मुख्यालय इटलीतील नेपल्सला. इंधन, दारूगोळा, दुरुस्ती यांसाठी दर वेळी मायदेशी परतावे लागले, तर निम्मा काळ प्रवासातच जाईल. अर्थात हे सारे यजमानाच्या मर्जीवर. फिलिपिन्सच्या सिनेटने करार नाकारल्यावर १९९२ मध्ये सुबिक बेचा प्रचंड तळ अमेरिकेला सोडावा लागला होता.

भारताशी संबंध काय?

१९७१ च्या युद्धात भारतावर दबाव आणण्यासाठी 'एंटरप्राइज' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडण्यात आली होती. आता चित्र वेगळे आहे. २०२२ मध्ये 'चार्ल्स ड्रू' हे अमेरिकी नौदलाचे रसदवाहू जहाज चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली येथे दुरुस्तीसाठी आले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या माझगाव डॉकनेही असा दुरुस्ती करार केला. प्रवासात असलेल्या अमेरिकी जहाजांची डागडुजी त्यामुळे मुंबईतही होऊ शकते. अणुशक्तीवर चालणारी जहाजे मात्र त्यातून वगळलेली आहेत.