संगणकाची कार्यप्रणाली आणि मराठी लेखनव्यवहार

साहित्यविषयक नियतकालिकात यंत्राची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. परंतु बोरूने लिहिण्याच्या काळीही कागद कोणता घ्यावा आणि शाई कोणती वापरावी याचा विचार लेखकास करावा लागे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात तर मजकुराचे बरेवाईट पुष्कळदा जुळाऱ्याच्या हाती असे. आज शिक्षकाची प्रश्नपत्रिका, संस्थेचे इतिवृत्त, संमेलनाचा अहवाल आणि लेखकाचे हस्तलिखित ही सारी संगणकातच जन्मास येतात व बहुधा तेथेच राहतात. तेव्हा हा संगणक ज्या कार्यप्रणालीवर चालतो तिची निवड डोळसपणे करणे हे शिक्षकांचे व साहित्यसंस्थांच्या चालकांचे कर्तव्यच ठरते.

हा प्रश्न तातडीचा होण्यास एक बाह्य कारणही घडले आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणलेल्या 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचा नियमित सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. घरगुती वापर करणाऱ्यांनी नोंदणी केल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरविण्याची सवलत तिने दिली. त्यापुढील 'विंडोज ११' ही प्रणाली २०२१ सालीच आली. परंतु तिला चार जीबी मेमरी, चौसष्ट जीबी साठवण, 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-योजना आणि बऱ्याच अंशी २०१८ च्या सुमारास किंवा त्यानंतर आलेला प्रक्रियक लागतो. परिणामी शाळांतील व ग्रंथालयांतील पुष्कळसे संगणक धडधाकट असूनही नव्या प्रणालीस अपात्र ठरतात. सांभाळ थांबलेला संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. तो चालतच राहतो. पण त्यातील नवीन सापडणारी छिद्रे कोणी बुजवीत नाही, आणि असा संगणक इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाण्यासारखे आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

एखाद्या मोठ्या वाड्यात कारभारी असतो. कोठाराच्या किल्ल्या त्याच्याजवळ असतात, कोणाला आत सोडावयाचे हे तोच ठरवितो आणि गडीमाणसांना कामेही तोच वाटून देतो. संगणकात हे काम कार्यप्रणाली करते. मेमरीतील जागा कोणत्या कार्यक्रमास किती द्यावयाची, फाईल तबकडीवर कोठे ठेवावयाची, कळफलकावरील कळ दाबताच कोणते अक्षर उमटवावयाचे, छपाईयंत्रास आज्ञा कशी पोचवावयाची, हे सर्व तिच्या स्वाधीन असते. आपण ज्यात लिहितो तो शब्दलेखनाचा कार्यक्रम तिच्या आश्रयाने चालतो. म्हणूनच एका प्रणालीसाठी लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्या प्रणालीवर सहसा चालत नाही. निवडीचा सारा प्रश्न येथून उत्पन्न होतो.

तीन घराणी

नित्याच्या वापरासाठी आज मुख्यत्वे तीन घराणी उपलब्ध आहेत. पहिले विंडोजचे. १९९५ च्या आवृत्तीपासून ते घरोघर पोचले. आपल्याकडील बहुतेक कचेऱ्या, छापखाने व संगणकवर्ग याच प्रणालीवर चालत आल्यामुळे तिच्यासाठी लिहिलेले कार्यक्रम विपुल आहेत आणि ती दुरुस्त करणारा माणूस लहान गावातही भेटतो. हिशेबासाठी प्रचलित असलेला 'टॅली' हा कार्यक्रमही तिच्यासाठीच बनविलेला आहे. तिचा मुख्य दोष असा की, यंत्र केव्हा निकामी ठरवावयाचे याचा निर्णय यंत्राच्या मालकाहून कंपनीच्या हाती अधिक राहतो.

दुसरे घराणे ॲपल कंपनीच्या मॅकओएसचे. मॅकिंटॉश संगणक १९८४ साली आला. आजची प्रणाली मात्र २००१ मध्ये आलेल्या 'मॅक ओएस टेन'ची वंशज असून तिचा पाया युनिक्स परंपरेतील आहे. यंत्र व प्रणाली एकाच हातची असल्याने दोहोंत मेळ चांगला असतो. चित्रकार, मुद्रणकार व ध्वनिचित्रफितींचे काम करणारे तिला पसंती देतात ती यामुळेच. परंतु ती ॲपलच्याच यंत्रावर वापरण्याची अट आहे, ही यंत्रे महाग असतात, आणि नव्या मॅक-लॅपटॉपमध्ये मेमरी खरेदीनंतर वाढविता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली 'टाहो' ही आवृत्ती इंटेल प्रक्रियकाच्या काही मॅक-यंत्रांवर चालणारी अखेरची आवृत्ती होय. म्हणजे जुन्या यंत्रास निरोप देण्याची रीत याही घरात आहे.

तिसरे घराणे लिनक्सचे. हेल्सिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा रचला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या 'ग्नू' या उपक्रमातील साधने त्यास मिळाली आणि त्यातून संपूर्ण प्रणाली उभी राहिली. तिची मूळ आज्ञावली कोणासही वाचता येते, बदलता येते व वाटता येते. लिनक्सचे अनेक संच आहेत. नवख्यास 'उबुंटू' किंवा त्यावर आधारलेला 'लिनक्स मिंट' हे सोयीचे पडतात. उबुंटूची दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम अंकाच्या वर्षी एप्रिलमध्ये निघते व तिला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. 'मिंट'ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती जुन्या यंत्रावरही बरी चालते. विंडोज ११ ने नाकारलेला संगणक या मार्गाने आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतो. शाळेच्या दृष्टीने ही बचत उपेक्षणीय नाही.

गूगलचे क्रोमओएस हे चौथे, लहान घराणे. ज्याचे सर्व काम ब्राउझरमध्येच होते त्याला ते पुरते. येथे त्याचा एवढाच निर्देश पुरे.

मराठीची कसोटी

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही भाषेच्या माणसास लागू पडेल. मराठी लिहिणाऱ्याने आणखी एक कसोटी लावली पाहिजे.

युनिकोड ही सर्व लिप्यांना सामावणारी संकेतपद्धती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली व तीत देवनागरीसाठी १२८ स्थाने राखण्यात आली. पण प्रत्यक्ष कार्यप्रणालीत ती रुजण्यास काळ लागला. विंडोजच्या घराण्यात देवनागरी लेखनाची व्यवस्था 'विंडोज २०००' पासून आली. तिच्याबरोबरचा 'मंगल' हा फाँट कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला होता, ही मराठी वाचकास अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. तोपर्यंतच्या व त्यानंतरच्याही बऱ्याच काळात मराठी संस्थांचे काम ज्या फाँटांवर चालले ते युनिकोडचे नव्हते. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. पडद्यावर 'क' दिसे, परंतु फाईलमध्ये नोंद होई ती एखाद्या रोमन अक्षराची किंवा चिन्हाची. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असल्याने तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाईल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते.

या प्रकाराची गंभीरता समजण्यास आपल्याच इतिहासातील एक उदाहरण पुरेसे आहे. बडोदे, इंदूर व ग्वाल्हेर या संस्थानांच्या दप्तरांतील असंख्य मराठी कागद मोडीत आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, भाषा आपली आहे. पण मोडी शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत ते कागद वाचण्यास तज्ज्ञाची गरज पडू लागली. १९९० नंतरच्या दोन दशकांत जुन्या फाँटांमध्ये जुळविलेले अंक, स्मरणिका व इतिवृत्ते यांचीही हीच गत होऊ घातली आहे. पुष्कळ अंक 'पेजमेकर' या कार्यक्रमात जुळविलेले असतात. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि पुढे तो कार्यक्रमच निवृत्त झाला. ज्या संस्थेच्या संग्रही अशा फाईली आहेत तिने कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, परंतु जोडाक्षरे व रफार यांत ती चुकतात. म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन अपरिहार्य समजावे.

युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मात्र तिन्ही घराण्यांत सारखाच वाचता येतो. येथेही काही बारकावे आहेत. 'आचार्यांना' व 'आचार्‍यांना' या दोन शब्दांतील भेद मराठी शिक्षकास सांगणे नलगे; पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. तो भेद दाखविणारा 'र्‍' प्रत्येक कळफलकावर कसा उमटतो हे आधी पाहून घ्यावे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी 'अ' वर चंद्र जोडून ते लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसली तरी यंत्रास ती भिन्न वाटतात, आणि मग 'ॲकॅडमी' हा शब्द शोधू गेल्यास जुन्या फाईलीतील तोच शब्द सापडत नाही. तसेच काही फाँटांत 'ल' व 'श' यांची वळणे हिंदीची असतात. मराठी वळणांचा फाँट निवडून घ्यावा लागतो. कोणतीही प्रणाली पसंत करण्यापूर्वी 'वाङ्मय', 'ज्ञानेश्वर', 'दर्‍या', 'कॉलेज', 'ॲकॅडमी', 'बाळ' हे सहा शब्द तीवर लिहून, छापून व दुसऱ्या संगणकावर पाठवून पाहावे. विक्रेत्याच्या जाहिरातीपेक्षा ही परीक्षा अधिक विश्वसनीय आहे.

कळफलकाच्या बाबतीत महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाने 'इन्स्क्रिप्ट' या मांडणीचा अवश्य विचार करावा. तीत सर्व भारतीय लिप्यांत एका वर्णाची कळ एकच असते. बेळगावच्या शिक्षकाला मराठीबरोबर कन्नड, बडोद्याच्या शिक्षकाला गुजराती आणि हैदराबादच्या शिक्षकाला तेलुगू लिहावे लागते. 'क' कोणत्या कळीवर आहे हे बोटांना एकदा कळले की ते सर्व लिप्यांत उपयोगी पडते. गोव्यात तर मराठी व कोंकणी या दोहोंसाठी देवनागरीचा एकच कळफलक चालतो. इन्स्क्रिप्ट विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तिघांतही अंगभूत आहे. ज्यांना रोमन अक्षरांच्या उच्चारावरून लिहिण्याची सवय आहे त्यांच्यासाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा ध्वन्यनुसारी कळफलक मिळतो. मॅकवर आणि लिनक्सवरही तशी सोय आहे.

दोन अनुभव

संस्थेने प्रणाली बदलावी काय, याविषयी दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. केरळ राज्याने २००१ मध्ये सुरू केलेल्या शालेय प्रकल्पात पुढे मुक्त आज्ञावलीचा स्वीकार केला आणि राज्यातील शाळा लिनक्सवर नेल्या. तेथे नुसती प्रणाली बदलली नाही. शिक्षकांना पद्धतशीर प्रशिक्षण दिले गेले, मल्याळम भाषेची सोय केली गेली आणि पाठ्यपुस्तके त्या साधनांशी जुळविली गेली. याउलट जर्मनीतील म्यूनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे पंधरा हजार संगणक २०१३ पर्यंत त्यावर आणले, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परत फिरण्याचे ठरविले. इतर कचेऱ्यांशी कागदपत्रांची देवघेव आणि विंडोजवरच चालणारे विशेष कार्यक्रम या अडचणी त्या वादात पुढे आल्या. दोन्ही उदाहरणांवरून हेच निष्पन्न होते की, प्रणालीचे यशापयश तिच्या गुणांइतकेच तिच्याभोवतीच्या माणसांवर आणि व्यवहारावर अवलंबून असते.

निवड कशी करावी?

या सर्व विवेचनाचे सार आता व्यवहाराच्या भाषेत मांडता येईल. प्रथम आपल्या कामांची यादी करावी. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या कोषाध्यक्षास, तसेच ज्यांचा छापखाना जुन्या फाँटांतच मजकूर मागतो अशा संपादकास, निदान एक संगणक विंडोजवर ठेवावा लागेल. अंकाची मांडणी 'इनडिझाइन'मध्ये होत असेल तर विंडोज किंवा मॅक हे दोनच पर्याय राहतात, कारण तो कार्यक्रम लिनक्ससाठी निघत नाही. परंतु ज्याचे काम लेखन, वाचन, पत्रव्यवहार, दूरस्थ बैठका व प्रश्नपत्रिका एवढेच आहे अशा शिक्षकास लिनक्स पुरेसे आहे. 'लिबरऑफिस' हा विनामूल्य संच तिन्ही प्रणालींवर चालतो आणि त्याचा मुखवटाही मराठीत घेता येतो. यंत्र नवे व विंडोज ११ ला पात्र असेल तर बदलाची घाई करू नये. यंत्र जुने असेल तर उबुंटू किंवा मिंट पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही पुसून न टाकता, त्यावरूनच संगणक चालवून पाहता येतो. प्रिंटर, वायफाय व मराठी कळफलक या तीन गोष्टी त्यात तपासाव्यात आणि आठवडाभराच्या सरावानंतर निर्णय करावा. अडचण आल्यास हाकेच्या अंतरावर कोण आहे, हेही त्याच वेळी पाहून ठेवावे. प्रणाली बदलण्यापूर्वी सर्व फाईलींची प्रत दुसऱ्या तबकडीवर काढून ठेवण्यास मात्र कोणत्याही परिस्थितीत चुकू नये.

निवड कोणतीही होवो, तीन नियम सर्वांनी पाळावेत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. महत्त्वाची फाईल मूळ स्वरूपाबरोबर 'ओडीटी'सारख्या खुल्या स्वरूपातही ठेवावी. आणि संस्थेच्या संग्रहाची एक प्रत अशी असावी की जी उघडण्यास एका विशिष्ट कंपनीच्या एका विशिष्ट कार्यक्रमाची गरज पडू नये. संगणक पाचसात वर्षांत बदलेल, प्रणाली त्याहूनही लवकर बदलतील. आपल्या संस्थांचे लेखन त्याहून पुष्कळ अधिक काळ वाचले जावयाचे आहे. ते पुढील पिढीस तज्ज्ञाच्या मदतीवाचून वाचता यावे, एवढी व्यवस्था आज आपल्या हातची आहे, आणि ती करण्यास लागणारा खर्च बहुतांशी श्रमांचाच आहे.