खतासाठी देणगी का?

दुष्काळात धान्य द्यावे हे सर्वांस मान्य आहे. परंतु खतासाठी द्रव्य का मागता, असे कित्येक सन्माननीय दाते विचारितात. त्याचे उत्तर श्रीलंकेच्या अनुभवात आहे.

सन २०२१ च्या मे महिन्यात तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. सेंद्रिय खत पुरेसे नव्हते. भातास फुटवे येताना व लोंबी धरताना नत्र हवे, ते मिळेना. नोव्हेंबरात बंदी उठली, पण तोवर ‘महा’ हा मुख्य हंगाम सुरू झाला होता व जगभर खतांचे भाव चढले होते. पीक खालावले, आणि तांदळात बहुतांशी स्वयंपूर्ण असलेल्या देशास तो बाहेरून आणावा लागला.

हा शेतकऱ्याचा आळस नव्हे. खताचा खर्च पिकातून निघेल असा भरवसा नसला, की तो हात आखडता घेतो. सूज्ञ व्यापारीही तेच करील.

सन २०२२ मध्ये भारताने तेथे ६५,००० टन युरिया पाठविला. वेळेवर पोचलेले खत हे पुढील हंगामाचे धान्यच होय. तरी उदार दात्यांनी आपल्या देणगीचा काही अंश पेरणीपूर्वी बी व खत ह्यांसाठी द्यावा, अशी सविनय प्रार्थना आहे.