हजार माणसांची भाषा

समुद्रापासून दूर, आमच्या झरी गावाकडे समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातली निळी कड. त्या कडेवरची एक वस्ती मात्र वर्षानुवर्षे माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली आहे: रायगड जिल्ह्यातली, मुरूड तालुक्यातली कोर्लई. एक जुने आणि रंजक प्रकरण तिथे आहे.

कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे उत्तर काठाला रेवदंडा आणि दक्षिणेला कोर्लईचा डोंगर. डोंगर म्हणजे पाण्यात घुसलेली चिंचोळी सोंड. तिच्यावरचा किल्ला सुमारे २८०० फूट लांब, पण सरासरी रुंदी जेमतेम ९० फूट. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला. १७४० मध्ये चौलबरोबर कोर्लईही मराठ्यांकडे आली आणि बहुतेक पुस्तके इथेच कोर्लईचा निरोप घेतात. पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज भाषेपासून घडलेली बोली मात्र आजही घराघरात चालते.

हे नवल का, ते वसई-वांद्र्याकडे पाहिले की कळते. आसगावचे मोन्सेन्योर सेबास्त्यांव रोदोल्फ दालगाद यांनी १९०६ मध्ये उत्तर कोकणातल्या इंडो-पोर्तुगीज बोलीवर लिहिले. त्या बोलीचा मुंबई परिसरातला संसार पुढे आटोपला. चर्च राहिली, आडनावे राहिली. तिथे जे टिकले नाही ते एवढ्याशा कोर्लईत कसे टिकले?

लोकप्रिय उत्तर ‘हे पोर्तुगीजांचे वंशज’ असे. मला ते आळशी वाटते. रक्ताने भाषा टिकत असती तर वांद्र्यातही टिकली असती. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात दिलेले उत्तर अधिक पटते. उत्तरेला खाडी, पश्चिमेला समुद्र, उरलेल्या बाजूंना जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख. धर्मामुळे शेजारच्या हिंदूंशी सोयरीक नाही, आणि धर्मांतर झाले तरी जात सुटली नाही, म्हणून वरच्या जातींतून आलेल्या ख्रिस्त्यांशीही नाही. मुली-सुना वस्तीतल्या वस्तीतच फिरत राहिल्या, आणि बोलीही. म्हणजे भाषा राखली ती जातीने. हे कबूल करायला अडचण होते, म्हणून ‘वंशज’ बरे पडते.

आणि ही बोली काही बाटलीबंद पोर्तुगीज नाही. तिच्यात क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी जाते. मराठी क्रियापदे तिने उसनी तर घेतलीच, वर त्यांच्यासाठी धातूंचा एक वेगळा गणच उघडला: आपले ‘लोटणे’ तिथे ‘लोटू’ होऊन पोर्तुगीज धातूंच्या शेजारी चालू लागते. लिस्बनच्या माणसाला इथले वाक्य अडेल आणि अलिबागच्यालाही.

वस्तीची बंद कवाडे आता उघडी आहेत. १९६० च्या दशकापर्यंत चर्चमध्ये पोर्तुगीज होती. मग मराठी आली. शाळा मराठी. खाडीवर साळावचा पूल झाला, तेव्हा अलिबागही हाताशी आले. यात वाईट काय? रोजगाराला निघालेल्या पोराने भाषाशास्त्रज्ञांच्या सोयीसाठी होडीची वाट पाहत बसावे, असे मी तरी म्हणणार नाही.

राहिली मोजणी. कोर्लईत ही बोली बोलणारे आठशे ते हजार असावेत, असे साधारण धरले जाते. शिरगणती गावाची डोकी मोजते, मातृभाषाही विचारते. पण देशभरात १०,००० पेक्षा कमी बोलणारे असतील तर ती भाषा प्रसिद्ध आकड्यांत नावानिशी येत नाही, ‘इतर’मध्ये जाते. म्हणजे कोर्लईला नाव लागायचे तर आणखी नऊ हजार माणसे हवीत. डोंगराच्या त्या सोंडेखाली एवढ्यांना घरे बांधायलाही जागा नाही.