पाऊणपटीचा हिशेब, मांडवीची भरती
तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ, हा कोकणातला जुना हिशेब. चतुर्थीला साधारण तीन वाजता. चंद्राच्या गतीनुसार मात्र भरती दर तिथीला सरासरी ४८ मिनिटे पुढे सरकते आणि पाऊणपटीत ४५च धरली जातात. १५ तिथींत हा फरक पाऊण तासाचा होतो. मग हिशेब टाकाऊ ठरतो का? नाही. नव्या पक्षात तो पुन्हा पहिल्यापासून मांडला जातो, त्यामुळे चूक साचत नाही. पण ४८ मिनिटांचे सूत्रही एकटे पुरत नाही; ते वेळ सांगते, पाणी किती चढेल ते नाही. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर चढते. वाराही पाणी किनाऱ्याकडे लोटतो. भरती-ओहोटीची छापील कोष्टकेसुद्धा मोजलेल्या पातळीच्या नोंदींवरूनच बसवलेली असतात. म्हणून मांडवीच्या जेटीवर गणिताने अंदाज बांधावा आणि पाणी पाहून तो पडताळावा.