लॅपटॉपची स्क्रीन काळी पडली? पॅनेल बदलण्याआधी मोबाईलचा टॉर्च लावून बघा

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राऊंडचा ऑप्शन फॉर्म भरायला दोनच दिवस उरलेले आणि घरातल्या एकुलत्या एक लॅपटॉपची स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, पॉवरचा लाइट लागतोय, पण दिसत काहीच नाही. विश्रांतवाडीत माझ्या आपाच्या घरी गेल्या पावसाळ्यात हे घडलं. भाची रडकुंडीला आली होती. जवळच्या एका दुकानात दाखवलं, तर लॅपटॉप न उघडताच उत्तर मिळालं, "पॅनेल गेलंय, नवीन टाकावं लागेल." शेवटी खराब निघाली ती बिजागरीतून जाणारी केबल. पॅनेल ठणठणीत होतं.

आपल्याकडे बऱ्याच घरांत एकच लॅपटॉप असतो. दिवसा अब्बांचं किंवा भाईचं ऑफिसचं काम, रात्री मुलांचा अभ्यास. तो बंद पडला की सगळंच अडतं आणि घाईत दुकानदार म्हणेल तो खर्च आपण मान्य करतो. म्हणून दुकानात जाण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल, ते क्रमाने बघू.

स्क्रीनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात

साध्या एलसीडी स्क्रीनला स्वतःचा उजेड नसतो. पुढचा थर चित्र तयार करतो आणि मागचे बारीक एलईडी दिवे त्यावर उजेड टाकतात. या दिव्यांना बॅकलाइट म्हणतात. बस स्टॉपवरची दिव्याची जाहिरात आठवा. आतली ट्यूब गेली तर रात्री जाहिरात दिसत नाही, पण ती फाटलेली नसते. लॅपटॉपचंही तसंच आहे. स्क्रीन काळी दिसली म्हणजे चित्र गेलं असं नाही, कदाचित फक्त उजेड गेला असेल.

पहिली पायरी: साध्या शक्यता

कीबोर्डवर सूर्याचं चिन्ह असलेलं बटण दाबून ब्राइटनेस वाढवा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटण दाबावं लागतं. चार्जर काढल्यावरच स्क्रीन मंद होत असेल, तर बॅटरी सेव्हर चालू आहे का बघा. तो ब्राइटनेस आपोआप कमी करतो, बिघाड नसतो.

झाकण बंद झालं हे ओळखायला बऱ्याच लॅपटॉपमध्ये छोटा चुंबक आणि सेन्सर असतो. मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरमुळेही लॅपटॉपला झाकण मिटल्यासारखं वाटतं आणि स्क्रीन बंद होते. असं काही जवळ असेल तर बाजूला ठेवा.

मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. तरीही फरक नाही, तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा आणि परत चालू करा.

चालू होताना कंपनीचा लोगो नीट उजळ दिसला आणि विंडोज आल्यावरच अंधार झाला, तर दोष बहुधा ड्रायव्हर किंवा सेटिंगचा. लोगोही दिसला नाही तर पुढे चला.

दुसरी पायरी: टॉर्च

खोलीत अंधार करा. लॅपटॉप चालू ठेवून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनजवळ तिरका धरा. आयकॉन किंवा अक्षरं पुसट दिसली, तर चित्र शाबूत आहे. दोष बॅकलाइटचे दिवे, त्यांना वीज नेणारी केबल किंवा मदरबोर्डवरचा छोटा फ्यूज यांपैकी कशात तरी आहे. ओएलईडी स्क्रीनवर मात्र ही परीक्षा चालत नाही, कारण तिला बॅकलाइटच नसतो.

तिसरी पायरी: घरातला टीव्ही

एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. चित्र आपोआप आलं नाही तर विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं, तर विंडोज आणि ग्राफिक्स ठीक आहेत. बिघाड स्क्रीनच्या बाजूचा आहे. शिवाय अडलेलं कामही होतं. भाचीने ऑप्शन फॉर्म असाच टीव्हीवर बघून भरला, तोही मुदतीत.

टीव्हीवरही काहीच आलं नाही आणि बीपचे आवाज येत असतील किंवा लाइट ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर रॅम सैल झाली असेल किंवा मदरबोर्डचा दोष असेल. इथे पॅनेल बदलून काही उपयोग नाही.

चौथी पायरी: झाकण हळू हलवा

झाकण पुढे-मागे करताना उजेड येत-जात असेल, तर संशय केबलवर घ्या. रोजच्या उघडझापीने ती बिजागरीपाशी झिजते. शाईसारखा डाग, तडा किंवा कायमच्या रेघा दिसल्या तर बहुधा पॅनेलच खराब आहे. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर डी दाबून धरून पॉवर चालू केली की स्क्रीन स्वतःची चाचणी घेते आणि एकामागून एक रंग दाखवते. रंग नीट आले तर पॅनेल चांगलं आहे.

दुकानात जाताना

विश्रांतवाडी-धानोरीत दाखवा किंवा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जा, या चार गोष्टी लक्षात ठेवा:

• टॉर्च आणि टीव्हीवर काय दिसलं ते आधी सांगा. केबल आणि फ्यूज तपासल्याशिवाय पॅनेल बदलायला हो म्हणू नका. केबल पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त असते.
• पॅनेल बदलावंच लागलं, तर जुन्याच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर जुळवून घ्या. पावती लिहून घ्या, जुना पार्ट परत मागा.
• देण्याआधी टीव्हीला जोडून मुलांची प्रमाणपत्रं, फोटो पेनड्राइव्हवर काढून ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. मदरबोर्डचं काम झाल्यावर ती विचारली जाऊ शकते.
• फक्त स्क्रीनचं काम असेल तर पासवर्ड द्यायची गरज नाही. स्क्रीन लागली की नाही हे लोगोवरूनच कळतं.

एक इशारा. घरी स्क्रीन उघडायचा मोह टाळा. बॅटरीचं कनेक्शन न काढता स्क्रीनच्या केबलला हात लावला, तर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो आणि छोटा बिघाड मोठा होतो. पावसात बॅग भिजली असेल तर चालू करून बघूच नका. चार्जर काढा, बंद ठेवा आणि थेट कारागिराकडे न्या.

आपाच्या लॅपटॉपची केबल दुसऱ्या दुकानात बदलली. तीच जुनी स्क्रीन आजही चालू आहे.