मे महिन्यातला स्लॅब

नागपुरात मे महिन्यात स्लॅब टाकायचा असेल तर मजूर पहाटे तीनला साइटवर येतात. मिक्सर चारच्या आत फिरायला लागला पाहिजे आणि शेवटचं घमेलं दहाच्या आत वर रिकामं झालं पाहिजे, हा मुकादमाचा हिशोब. तो जमला तर दिवस निभावतो. गिट्टीचा ट्रक उशिरा आला, मिक्सरचा पट्टा तुटला, लाइट गेली, की तोच स्लॅब बारापर्यंत लांबतो आणि जे ऊन टाळण्यासाठी झोपमोड केली ते नेमकं डोक्यावर येतं. अर्ध्यात थांबता येत नाही. आधी ओतलेलं काँक्रीट घट्ट व्हायला लागल्यावर त्याला लागून नवं ओतलं तर मधे जोड राहतो, आणि पावसाळ्यात पाणी तिथूनच झिरपतं. म्हणून एकदा सुरू केलेला स्लॅब पुरा करूनच माणसं खाली उतरतात.

बांधकामावर सुपरवायझर म्हणून उभं राहून मी बरेच उन्हाळे काढले आहेत. उन्हापासून जपायचं म्हटलं की लोक टोपी, ताक, खिशातला कांदा यांच्याविषयी बोलतात. स्लॅबवर मला वेगळं दिसत आलं आहे. ऊन सगळ्यांत आधी गाठतं ते नव्या माणसाला, मग तो कितीही दणकट असो. आणि नेमकं याच गोष्टीकडे साइटवर कुणाचं लक्ष नसतं.

काँक्रीटकडे मात्र असतं. उष्ण हवेत काँक्रीट कसं करावं याचं भारतीय मानक १९७५ साली निघालं, आयएस ७८६१. हवा ४० अंशांच्या वर गेली की ते लागू होतं. गिट्टी सावलीत ठेवा, तिच्यावर पाणी मारा, ओतताना मालाचं तापमान चाळिशीच्या आत राखा, ओतल्यावर लगेच झाका. कोरड्या, कडक उन्हाळ्यात निदान दहा दिवस तराई करा, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवा, हे दुसऱ्या मानकात आहे. हे सगळं आम्ही करतो, कारण नाही केलं तर स्लॅबला भेगा पडतात आणि त्या मालकाला दिसतात. साइटवर पाण्याचा टँकर येतो तो स्लॅबसाठी. माणसांचं पिण्याचं पाणी त्याच फेरीत कुठे तरी एखाद्या कॅनमधून येतं.

स्लॅबची तयारी आदल्या दिवशी भर उन्हात होते. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा पसरलेल्या, त्यावर सळयांची जाळी, आणि जाळीत उकिडवे बसून तार आवळणारे लोखंडवाले. वरून सूर्य, खालून प्लेट. हवामान खातं जे तापमान सांगतं ते सावलीतलं, हवा खेळती असलेल्या पेटीतलं. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, तेही असेच. सळईचं तापमान कुणी नोंदत नाही. पण लोखंडवाल्याच्या डाव्या हाताला जुन्या मोज्याचा तुकडा गुंडाळलेला असतो आणि उजव्या हातात तार पिळायचा आकडा, त्याच्याही दांड्याला चिंधी. पहाटे काँक्रीट ओतण्याआधी आम्ही जाळीवर पाइप धरतो. रात्रभर हवेत राहूनही प्लेटा कोमट असतात, आणि ओली केलेली जाळी पाइप पुढे नेईपर्यंत मागून वाळलेली असते.

माणसाच्या अंगावरचा घाम असाच वाळतो. आमच्याकडे मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की राबणाऱ्या माणसाचा शर्ट भिजलेला दिसतच नाही. पाठीवर, काखेजवळ मिठाची पांढरी रेघ तेवढी उमटते. घाम दिसत नाही म्हणून पाणी जात नाही असं समजू नये. जड काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटर-दीड लिटर पाणी निघून जाऊ शकतं. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा कातडीपेक्षा गरम झाल्यावर अंग थंड ठेवायचा तेवढा एकच मार्ग उरतो, म्हणून तो चालू राहील एवढं पाणी आणि मीठ आत जात राहिलं पाहिजे. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोक्याला आणि कानांना गुंडाळलेला ओला दुपट्टा, हे जुने लोक करत आले ते अगदी बरोबर आहे. कांदा भाकरीबरोबर खावा. खिशात ठेवून ऊन लागायचं थांबत नाही. कैरीचं पन्हं आणि ज्वारीची आंबील मात्र खरोखर कामाची, कारण त्यात पाणी, मीठ आणि ताकद तिन्ही आहेत.

आता नव्या माणसाचं. उन्हात काम करणाऱ्या शरीरात रक्ताला दोन ठिकाणी धावावं लागतं: कामाला लागलेल्या स्नायूंकडे, आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडे. सवय नसलेल्याच्या अंगात ही ओढाताण हृदयावर येते. उन्हात रोज थोडं थोडं काम वाढवत नेलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर बदलतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. ही तयारी टिकाऊ नसते. आठवडाभर कामाबाहेर राहिलं की उतरायला लागते. मे महिना लग्नांचा. गावाला लग्नाला जाऊन आठ-दहा दिवसांनी परतलेला जुना कारागीरही मग अर्धा नवाच असतो, आणि हे त्याला स्वतःला पटवणं सगळ्यांत अवघड. अमेरिकेतली कामगार सुरक्षा यंत्रणा ओशा सांगते की कामावर उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे माणसाच्या पहिल्याच दिवशी होतात आणि सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. तिकडची शिफारस अशी, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच उन्हातलं काम द्यावं, आणि रोज तेवढंच वाढवावं.

आमच्या ठिय्यावर हे कसं व्हायचं? पहाटे अंधारात मुकादम माणसं निवडतो तेव्हा खांदे बघतो. गेल्या उन्हाळ्यात भंडाऱ्याकडचा एक पोरगा असाच घेतला गेला. एकोणीस-वीस वर्षांचा, शेतात वाढलेला. आमचा मुकादम जुना आहे, त्याने पोराला मिक्सरजवळ सावलीत सिमेंटच्या बोऱ्या फोडायला लावलं आणि बजावलं, "आज तुले वर नाही." आठच्या सुमारास गिट्टी भरणारा एक जण कमी पडला आणि पोरगा आपणहून फावडं घेऊन तिकडे गेला. कामसू होता, बसवत नव्हतं त्याला. नऊ वाजून गेल्यावर मी पाहिलं तर तो फावड्यावर रेलून उभा होता, चेहरा पांढरट, कपाळावर घाम, आणि डाव्या पायाची पोटरी दगडासारखी गोळा झालेली. मुकादम खाली आला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा: "मूतला काय बे सकाळपासून?"

पोराने मान हलवली. नाही.

या प्रश्नात डॉक्टरकी भरलेली आहे. तीन वाजल्यापासून राबणारा माणूस नऊपर्यंत लघवीला गेला नाही, म्हणजे अंगात पाणी उरलेलं नाही. लघवी गर्द पिवळी होणं ही त्याच्या आधीची खूण. मुकादमाने त्याला सावलीत आडवं केलं, पाय बोरीवर उंच ठेवले, शर्ट काढून अंगावर पाणी ओतलं, आणि एका बाईला पुठ्ठ्याने वारा घालायला बसवलं. पोराला उलटी झाली. मग घोट घोट मीठ-साखरेचं पाणी: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. या सगळ्यात मुकादम त्याच्याशी बोलत राहिला, गावाचं नाव काय, भाऊ किती, आज वार कोणता. या गप्पा नव्हत्या. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पोटऱ्यांत गोळे इथपर्यंत माणूस सावलीत सावरतो. उत्तरं उलटसुलट यायला लागली, पाय लटपटायला लागले, माणूस बडबडायला लागला, की तो उष्माघात. तेव्हा अंगाचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेलं असतं आणि मिनिटं मोजावी लागतात. राबता राबता उष्माघात झालेल्याला घाम येतच असू शकतो, त्यामुळे "घाम आहे, म्हणजे ठीक आहे" हे चुकीचं. १०८ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत त्याला भिजवत राहायचं. आधी थंड करणं, मग हलवणं. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. स्लॅबच्या साइटवर तराईचं टाकं भरलेलं असतंच, त्यात मानेपर्यंत बसवावं, डोकं धरून ठेवावं. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत.

पोराची उत्तरं बरोबर येत होती. तासाभराने तो लघवीला गेला, तेव्हा कुठे मुकादम परत वर चढला.

बाईमाणसाला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. आमच्याकडे रेजा म्हणतात त्या बाया घमेली वाहतात, रेती चाळतात, पाणी भरतात. स्लॅबच्या दिवशी त्या मुद्दाम पाणी कमी पितात, कारण जायला जागा नसते. पहाटे अंधारात एकदा जाऊन यायचं, त्यानंतर थेट काम संपल्यावर. एका मावशीला मी माठ भरलेला दाखवला तर त्या म्हणाल्या, "पाण्याचं काय जी, मग जाऊ कुठं?" दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं असं आपण सांगतो, आणि ज्या साइटवर आडोसा नाही तिथे हे सांगणं फुकट आहे. चार बल्ल्या आणि ताडपत्री लावून केलेला संडास हे उन्हापासून वाचवणारं साधन आहे, माठाइतकंच. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात पिण्याचं पाणी आणि शौचालय दोन्ही मालकाच्या जबाबदारीत धरलेली होती. छोट्या घराच्या बांधकामावर तो कायदा कुणी घेऊन आलं नाही.

दुसरी एक गोष्ट रात्रीची. मजूर झोपतात ते टिनाच्या शेडमध्ये. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांत, रात्रीही टिन निवत नाही, माणूस आदल्या दिवसाची उष्णता अंगात घेऊनच पहाटे तीनला उठतो. त्यात संध्याकाळी दारू झाली असेल तर पाणी आणखी गेलेलं. मुकादम म्हणूनच स्लॅबच्या आदल्या दिवशी उचल देत नाही. मजूर चिडतात. मला मुकादमाचं बरोबर वाटतं. जूनच्या तोंडाशी वेगळीच अडचण येते. पारा ३८वर उतरतो, हवेत ओल येते, घाम वाळायचा थांबतो आणि नुसता गळतो. लोकांना वाटतं उन्हाळा सरला, पण मला त्या दिवसांची जास्त धास्ती असते.

२०१०च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, मग इतर शहरांनी. दुबईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं. आपल्याकडे दुपारी काम टाळा असे सल्ले निघतात, पण स्लॅबचं काम उक्तं असतं. थांबलेला प्रत्येक तास टोळीच्या खिशातून जातो, म्हणून सल्ला ऐकूनही कुणी थांबत नाही. उक्त्याच्या दरातच विसावा धरावा लागेल.

आमच्या मुकादमाने यंदा तसंच केलं. पुढच्या स्लॅबचा भाव ठरवताना त्याने मालकापुढे चार गोष्टी ठेवल्या: टोळीत दोन माणसं जादा, म्हणजे आळीपाळीने सावलीत बसता येईल. मिक्सरवर हिरवी जाळी. बायांसाठी आडोसा. आणि आठवड्याच्या आतला माणूस साडेआठनंतर उन्हात नाही, त्याचा रोज पूर्ण. मालकाने जाळी आणि आडोसा लगेच मान्य केला, माणसांवर तासभर घासाघीस झाली आणि एका जादा माणसावर तडजोड ठरली. नव्याच्या पूर्ण रोजावर अजून बोलणं चालू आहे. स्लॅब रविवारी आहे, आणि त्याआधी मलाही त्या बोलण्यात बसायचं आहे.