छंदाचें विमान आणि त्याची मोटर

पूर्वीं मुलें वाढदिवसाला मेकॅनोचा संच किंवा कॅरमचा पट मागत असत. आतां तेरा-चौदा वर्षांचीं मुलें आणि मुली फोमचें विमान किंवा चार पंख्यांचें ड्रोन स्वतः जुळवूं देण्याची परवानगी मागतात, आणि परवानगीबरोबर पैसेहि मागतात. २००९ सालच्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटांतलें उडतें यंत्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. तें मुंबईच्या आय. आय. टी. मधून निघालेल्या तरुणांच्या 'आयडियाफोर्ज' या कंपनीनें तयार केलें होतें. पुढें फेब्रुवारी २०२२ मध्यें भारत सरकारनें, कांहीं अपवाद वगळतां, परदेशी तयार ड्रोनांच्या आयातीवर बंदी घातली; सुट्या भागांची वाट मात्र मोकळी ठेविली. त्यामुळें भाग आणून घरींच जुळणी करण्यास हौशी मंडळींना आणखी एक निमित्त मिळालें.

या जुळणींत सर्वांत बिकट खरेदी मोटरीची. फोम, चिकटपट्टी, रेडिओ यांची निवड थोडी इकडेतिकडे झाली तरी निभावून जातें. मोटर चुकली तर विमान जमिनीवरून उठतच नाहीं, किंवा उठतें आणि तिसऱ्या मिनिटाला जळक्या वासासकट खालीं येतें. "काका, हजार केव्हीची घेऊं कीं बावीसशेची?" असें पुतण्यानें विचारलें म्हणजे काकांना वीज मंडळाचें ३३ केव्हीचें उपकेंद्र आठवतें, आणि मोठा आंकडा तोच बरा, असा निकाल देऊन ते मोकळे होतात. हा निकाल बहुधा चुकतो. तो कां चुकतो हें समजण्यास शाळेंतल्या विज्ञानाहून फारसें अधिक लागत नाहीं, आणि तेवढें समजल्यावर दुकानदाराच्या वाक्चातुर्यावर विसंबावें लागत नाहीं.

स्वयंपाकघरांतला मिक्सर बंद पडला कीं दुरुस्तीवाला "कार्बन गेले" असें सांगतो. मिक्सरच्या मोटरींत तारांचीं वेटोळीं फिरतात, आणि फिरत्या वेटोळ्यांना वीज पोंचविण्यासाठीं कार्बनचे दोन ठोकळे त्यांच्या टोकाशीं सतत घासत असतात. घासण्यानें ठोकळे झिजतात, ठिणग्या पडतात, कांहीं शक्ति फुकट जाते. ज्या मोटरींत हे ठोकळेच नाहींत ती ब्रशलेस मोटर. तींत व्यवस्था उलट असते : तांब्याचीं वेटोळीं जागच्या जागीं स्थिर, आणि फिरतात तीं लोहचुंबकें. स्थिर वेटोळ्यांना वीज थेट तारेनें देतां येते, मग घासावयाचें कांहीं उरत नाहीं. वीजबचतीचे म्हणून हल्लीं जे बीएलडीसी छताचे पंखे मिळतात त्यांत याच जातीची मोटर असते. जुना पंखा सत्तर-ऐंशीं वॅट घेतो तेथें हा सुमारें तीस वॅटांत भागवतो.

परंतु ठोकळ्यांचें एक काम होतें : कोणत्या क्षणीं कोणत्या वेटोळ्यांत वीज सोडावयाची हें फिरतां फिरतां ठरविण्याचें. तें काम आतां ईएससी नांवाचा, बोटाएवढा वेगनियंत्रक करतो. मोटरीला तीन तारा असतात. नियंत्रक एका वेळीं दोन तारांतून वीज सोडतो आणि तिसरीवर कान ठेवून असतो. फिरत्या चुंबकामुळें त्या तिसऱ्या तारेंत जो अल्पसा दाब उत्पन्न होतो त्यावरून चुंबक कोठें आलें हें त्याला कळतें. हें सर्व सेकंदाला हजारों वेळां घडतें. बॅटरी जोडतांच मोटर जे दोन-तीन मंजुळ सूर काढते, तेहि नियंत्रकच तिच्या वेटोळ्यांना थरथरवून काढीत असतो. मुलांना तें फार आवडतें.

अर्धवाहकांच्या साह्यानें चालणाऱ्या अशा मोटरीचें वर्णन टी. जी. विल्सन आणि पी. एच. ट्रिकी या अमेरिकन अभियंत्यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलें. विजेवर चालणारें रेडिओ-नियंत्रित विमान त्यापूर्वींच उडालें होतें : १९५७ सालीं इंग्लंडांत कर्नल एच. जे. टॅप्लिन यांनीं 'रेडिओ क्वीन' हें विमान उडविलें, पण त्याची मोटर जुन्या पद्धतीची आणि बॅटरी चांदी-जस्ताची होती. हौशी माणसाच्या आवांक्यांत ही विद्या येण्यास निओडिमियमचीं जबरदस्त चुंबकें यावीं लागलीं. तीं १९८२ ते १९८४ च्या सुमारास जपानांत मासातो सागावा यांनीं व अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या संशोधकांनीं स्वतंत्रपणें शोधून काढलीं. पुढें हलक्या लिथियम बॅटऱ्या आल्या आणि काम सोपें झालें.

आतां त्या केव्हीकडे वळूं. येथें केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. पंखा न लावतां मोटरीला १ व्होल्ट दिला असतां ती मिनिटाला किती फेरे घेईल, तो हा आंकडा. १००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टांवर मोकळी सोडली तर मिनिटाला ११,१०० फेरे घेईल. हा आंकडा शक्तीचा नाहीं. सायकलच्या गिअरसारखा आहे. त्याच आकाराच्या मोटरीवर जाड तारेचे थोडे वेढे दिले तर केव्ही वाढतो, बारीक तारेचे पुष्कळ वेढे दिले तर उतरतो. केव्ही जितका अधिक, तितका दर अँपिअरमागें मिळणारा पिळाचा जोर कमी. बावीसशेची मोटर हजारच्या दुप्पट बलवान नसते. ती फक्त वेगाच्या बाजूला झुकलेली असते.

मोटर फिरूं लागली कीं ती स्वतःच जनित्र बनते आणि बॅटरीच्या विरुद्ध दाब उत्पन्न करते. फेरे जितके अधिक, तितका हा उलट दाब अधिक. दोन दाबांमध्यें जें अंतर उरतें तेवढ्याच बळावर तारेंतून प्रवाह वाहतो. एक हिशेब करून पाहूं. मोटर १००० केव्हीची, बॅटरी ११.१ व्होल्टांची, तारांचा रोध ०.१ ओहम. पंखा असा लावला कीं फेरे ९,६०० वर स्थिरावले. उलट दाब ९.६ व्होल्ट झाला, अंतर १.५ व्होल्टांचें उरलें, प्रवाह १५ अँपिअर. त्यांतली तारांत वायां जाणारी उष्णता साडेबावीस वॅट. तिला वाऱ्याचा झोत निववतो. आतां घरांतल्या उत्साही मंडळींनीं मोठा पंखा बसविला आणि फेरे ८,१०० वर आले. अंतर ३ व्होल्टांचें झालें, प्रवाह ३० अँपिअर, आणि उष्णता ९० वॅट. फेरे पंधरा-सोळा टक्क्यांनीं उतरले, पण उष्णता चौपट झाली. मोटरीला 'नाहीं' म्हणतां येत नाहीं. एकत्र कुटुंबांतल्या कष्टाळू माणसासारखी ती अंगावर पडेल तेवढें ओझें घेते आणि एके दिवशीं कोसळते. वेटोळ्यांवरचें लाखेसारखें आवरण तडकतें, तारा एकमेकींस चिकटतात. साध्या जातीचीं निओडिमियम चुंबकें तर ८० अंशांपुढें कायमचीं दुबळीं होऊं लागतात, आणि तें बाहेरून दिसतहि नाहीं.

मोठा पंखा म्हणजे किती मोठा? त्याच घडणीचा, तितक्याच फेऱ्यांनीं फिरणारा पंखा व्यासानें वाढविला तर लागणारी शक्ति व्यासाच्या पांचव्या घातानें वाढते. १० इंचांच्या जागीं ११ इंचांचा लावला, तर एका इंचापायीं सुमारें साठ टक्के अधिक शक्ति हवी. दुकानांत दोन्ही पंखे शेजारीं टांगलेले असतात, किंमतींत फरक थोड्या रुपयांचा असतो, आणि मुलाला मोठा पंखा अधिक शोभिवंत दिसतो. माझ्या मतें जितक्या मोटरी जळतात त्यांतल्या बहुतेक या एका इंचानें जळतात.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा धरावा. प्रथम यंत्राचें वजन, मग पंखा, मग बॅटरी, आणि सर्वांत शेवटीं मोटर. शिकाऊ विमानाला दर किलोमागें दीडशें ते दोनशें वॅट पुरतात. विमान बॅटरीसकट ९०० ग्रॅम भरत असेल तर १३५ ते १८० वॅट हवेत. तीन घटांच्या लिपो बॅटरीचा दाब ११.१ व्होल्ट (पूर्ण भारलेली असतां १२.६); तेव्हां प्रवाह बारा ते सोळा अँपिअर झाला. अशा संथ विमानास ९-१० इंचांचा, कमी पिचचा पंखा चालतो. पिच म्हणजे मळसूत्राच्या आट्याप्रमाणें पंखा एका फेऱ्यांत कागदावर किती पुढें सरकेल तें अंतर. ४.५ इंचांचें पिच ८,००० फेऱ्यांनीं ताशीं ५५ किलोमीटरांचा वेग दाखवितें. शिकाऊ हातांस तो पुरेसा आहे. ९०० ते १००० केव्हीची, २२१२ आकाराची मोटर या जोडीस ठीक बसते.

ड्रोनास पंखांचा आधार नाहीं. सारा भार मोटरींवर. तेथें चारी मोटरींचा मिळून रेटा वजनाच्या निदान दुप्पट असावा. १,२०० ग्रॅमच्या यंत्रास २,४०० ग्रॅम रेटा, म्हणजे प्रत्येकीस ६०० ग्रॅम. शर्यतीचीं लहान ड्रोनें ५ इंचांचा पंखा फार वेगानें फिरवितात. त्यांस चार घटांवर २४०० च्या आसपास आणि सहा घटांवर १७५० च्या आसपास केव्ही घेतात. दोन्हींचा व्होल्टांशीं गुणाकार करून पाहावा : ३५ ते ३९ हजार फेरे येतात, म्हणजे गोष्ट जवळजवळ एकच. सहा घटांत प्रवाह कमी लागतो, इतकाच लाभ.

२२१२ किंवा २२०७ या चार अंकांतले पहिले दोन बहुधा आंतल्या लोखंडी गाभ्याचा व्यास मिलिमीटरांत सांगतात आणि पुढचे दोन त्याची उंची. मोटरीचा खरा दम या आकारांत असतो. कांहीं कारखाने मात्र बाहेरच्या डब्याचें माप देतात, त्यामुळें दोन कंपन्यांच्या सारख्या आंकड्यांवरून तुलना करूं नये. चांगला कारखाना कोणत्या पंख्यास, किती व्होल्टांवर किती अँपिअर लागतात आणि किती रेटा मिळतो याचा तक्ता देतो. तक्ता नसलेली मोटर स्वस्त असली तरी घेऊं नये, असें मी म्हणेन. ईएससी तक्त्यांतल्या प्रवाहाहून पाव हिस्सा तरी अधिक क्षमतेचा असावा. १५ अँपिअरांस २० चा चालेल, ३० चा निर्धास्त.

वजनाचा कायद्याशींहि संबंध आहे. २०२१ सालच्या ड्रोन नियमांनीं २५० ग्रॅमपर्यंत 'नॅनो' आणि पुढें २ किलोपर्यंत 'मायक्रो' असे वर्ग पाडले. २२१२ च्या चार मोटरींचेंच वजन दोनशें ग्रॅमच्या घरांत जातें, तेव्हां नॅनो वर्गांत राहावयाचें असेल तर त्या मोटरींचा विचारच नको. कोठें उडवितां येतें हें सरकारी नकाशांत पाहून घ्यावें. विमानतळांच्या आसपास परवानगीवांचून उडवितां येत नाहीं.

पंखा काढून ठेवल्याखेरीज मोटरीची घरांत चांचणी करूं नये, आणि या बाबतींत आजोबांपासून धाकट्यापर्यंत कोणासहि सवलत नसावी. मिनिटाला आठ-नऊ हजार फेरे घेणारा पंखा बोटाचें काय करील हें सांगावयास नको. लिपो बॅटरी कोणाचें लक्ष नसतांना भारीत ठेवूं नये, आणि फुगलेली वापरूं नये. ती पेटली तर पाण्याच्या तांब्यानें आटोक्यांत येत नाहीं.

बसवितांना स्क्रूची लांबी पाहावी. एक-दोन मिलिमीटर लांब स्क्रू खालून थेट वेटोळ्यांत घुसतो, आणि नवी कोरी मोटर पहिल्याच दिवशीं निकामी होते. पंखा उलटा फिरत असेल तर तीन तारांपैकीं कोणत्याहि दोन अदलाबदल कराव्या. पहिलें उड्डाण एक मिनिटाचेंच असावें. उतरवून बॅटरी सोडवावी आणि मोटरीवर बोट टेकवावें. पांच सेकंद टेकवून ठेवतां आलें तर जोडी जमली. चटका बसला तर एक इंच लहान पंखा लावून पुन्हां पाहावें. मैदानावर पडलेली मोटर लगेच फिरवूं नये. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या मातींत लोहचुंबकास चिकटणारे बारीक काळे कण पुष्कळ असतात. ते चुंबक आणि गाभा यांमधल्या केसाएवढ्या फटींत जाऊन बसतात. मोटर कानाशीं धरून हातानें हळूच फिरवावी. खरखर ऐकूं आली तर चिकटपट्टीच्या टोकानें ते कण एकेक करून टिपून काढावे, आणि मगच बॅटरी जोडावी.